बाटलीतले बुडबुडे आणि बांबोळीची वाट

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा. विषय सगळ्यांच्या घरचा आहे.

आपल्याकडे माणूस गंभीर झाला की पहिलं वाक्य ठरलेलं, "हेका बांबोळीक न्हेवक व्हया." जिल्हा होऊन (१९८१) चार दशकं उलटली, तरी हे वाक्य काही बदललं नाही. २०१८ मध्ये गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना पैसे लागू झाले तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, ते उगाच नव्हे.

गेल्या वर्षी आमच्या वाडीतला पन्नाशीचा एक रापणकर असाच आयसीयूत गेला. जुना टीबी, त्यात न्यूमोनिया, व्हेंटिलेटर आणि वर फुफ्फुस फुटलेलं. छातीत नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. नववा दिवस उजाडला तरी बाटलीतले बुडबुडे थांबेनात. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन झेपणार नाही." घरच्यांनी अर्थ लावला, डॉक्टरांनी हात टेकले. बाहेर रडारड सुरू.

मी डायरी घेऊन डॉक्टरांसमोर बसलो. सवयच ती! त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

फुफ्फुसाला भोक पडलं की हवा छातीच्या पोकळीत साठते आणि फुफ्फुस दबतं. नळी ती हवा बाहेर काढते, बाटलीतलं पाणी हवेला परत आत जाऊ देत नाही. जर्मनीच्या ब्यूलाऊ नावाच्या डॉक्टरांनी १८९१ मध्ये ही पद्धत मांडली, आजही तीच चालते. बुडबुडे म्हणजे भोक अजून उघडं. पाच-सात दिवसांत ते बुजलं नाही तर हट्टी गळती म्हणायची.

व्हेंटिलेटर हवा दाबाने आत ढकलतो, म्हणजे भोकातूनही ढकलतो. म्हणून पहिला उपाय मशीनचा दाब आणि हवेचं माप शक्य तेवढं कमी करणं, आणि पेशंटला लवकरात लवकर मशीनवरून उतरवणं. नळीला सक्शन लावलं असेल तर तेही बेताचं, कारण जास्त ओढलं तर भोक उघडंच राहतं. दुसरा उपाय ऐकून मी चाट पडलो. पेशंटच्याच हातातून ५० ते १०० मिली रक्त काढायचं आणि नळीवाटे छातीत सोडायचं. ते गोठून भोकावर ठिगळासारखं बसतं. रक्त खाली येऊ नये म्हणून नळी थोडा वेळ उंच टांगतात, पण चिमटा लावत नाहीत, हवेला वाट हवीच. आणखी एक उपाय म्हणजे दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या फांदीत बसवायची छोटी झडप. ती महाग, आणि मोठ्या शहरातच मिळते.

आमच्या रापणकराला रक्ताचं ठिगळ दोनदा दिलं. सोळाव्या दिवशी बुडबुडे थांबले. प्रत्येकाचं असं होईलच असं नाही, काहींना शेवटी ऑपरेशन लागतंच. पण "ऑपरेशन नाही" म्हणजे "उपचार नाही" असं नव्हे, एवढं घरोघरी पोचलं तरी पुष्कळ.

आता मुद्द्याचं. या उपचारात महागड्या मशीनपेक्षा बाटलीकडे चोवीस तास बघणारं माणूस जास्त लागतं. मालवणातून बांबोळी शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत गळती चालू असताना कुणी नळीला चिमटा लावला तर हवा आत कोंडून जीव जाऊ शकतो. बाटली छातीपेक्षा वर उचलली तर पाणी उलट छातीत जाऊ शकतं. हाइमलिक झडप नावाची एकेरी झडप मिळते, तिला पाण्याची बाटलीच लागत नाही, प्रवासाला सोयीची.

म्हणून मागण्या साध्या आहेत. १०८ च्या प्रत्येक गाडीतल्या माणसांना छातीच्या नळीचं प्रशिक्षण द्या, गाडीत ही झडप ठेवा. सिंधुदुर्गनगरीत १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ पासून सुरू आहे. तिथे छातीरोगाचे पूर्णवेळ डॉक्टर आणि आयसीयूला पुरेशा परिचारिका कायम असू द्या. कोनशिलेचे फोटो आम्ही पेपरात छापतोच. पण रात्री तीन वाजता बाटलीकडे बघणारी परिचारिका कोनशिलेवर दिसत नाही, ती भरतीच्या यादीत दिसायला हवी.

निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना एवढंच विचारा. उत्तर द्यायला बांबोळीला जावं लागणार नाही.