पार हलवायचा म्हणजे

माणसे एक वेळ घर बदलतील, पण बोलण्याची जागा बदला म्हटले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. गावात पंखे लावलेली नवी इमारत बांधून दिली, तरी म्हातारी मंडळी पिंपळाच्या पारावरच बसणार. कोणी याला हट्ट म्हणतात. मला तो हट्ट वाटत नाही. पारावर बसले की कोण आले, कोण गेले, कोण आठवडाभर दिसले नाही, हे न विचारता समजते.

आमचाही असा एक पार आहे. ज्यांचे मूळ लेखन कोणालाही पाहता आणि सुधारता येते अशा संगणकाच्या मुक्त आज्ञावल्या आम्ही काही जण फावल्या वेळात मराठीत आणतो. पगार नाही, कचेरी नाही. आहे ती एक मेलिंग लिस्ट. एका पत्त्यावर पत्र टाकावे आणि ते सगळ्यांच्या टपालात पडावे, एवढीच तिची करामत. यंदा उन्हाळ्यात तरुण मंडळींनी ठराव आणला, की ही लिस्ट सोडून डिस्कोर्ससारख्या नव्या चर्चापीठावर जावे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमची लिस्ट मेलमनच्या दुसऱ्या आवृत्तीवर चालते. ती पायथन २ वर उभी, आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० लाच थांबली. खुद्द पायथनच्या कर्त्यांनी २०२२ साली आपली जुनी लिस्ट सोडून डिस्कोर्सवर बिऱ्हाड केले. मग आपणच का जुन्याला कवटाळून बसायचे?

मत द्यायला पंधरा दिवस होते. त्यांतले दोन मी राळेगणसिद्धीला काढले. आमचे एक जुने अनुवादक तिथे शेती करतात. रात्री घरी ते सगळी पत्रे उतरवून घेतात. दिवसा रानात, जिथे मोबाइलला रेंज नसते, तिथे बांधावर बसून वाचतात आणि उत्तरे लिहून ठेवतात. संध्याकाळी घरी परतले की उत्तरे आपोआप रवाना होतात. चर्चापीठ असे खिशात घालून रानात नेता येत नाही.

१९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून या गावी परतले, यादवबाबांच्या देवळापासून कामाला आरंभ झाला, डोंगरावरचे पाणी अडले, ही कथा शाळकरी पोरालाही पाठ आहे. माझे मन अडकले ते तिथल्या पंचसूत्रीतल्या चराईबंदीत. डोंगर हिरवा झाला तर तो सगळ्यांचा. पण उद्या सकाळी शेळ्या कुठे सोडायच्या, हा प्रश्न मात्र एकट्या शेळीवाल्याचा! ज्याच्या घरी वैरण भरलेली आहे त्याला हात वर करायला काय जाते? तरी ग्रामसभेत निदान शेळीवाल्याला जागा असते. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. आमच्या गटात सभासद कोण? काल तावातावाने दहा पत्रे लिहिणारा, की सात वर्षे एक अक्षर न लिहिता रोज वाचणारा? बोलक्यांनी मत द्यायचे आणि मुक्यांनी बिऱ्हाड हलवायचे, असा हा मामला आहे.

यजमानांना विचारले, तर ते चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, “नवी जागा चालंल हो मला. शिकून घेईन. पण मधल्या वर्षांची पत्रं कुठं ठिवणार?”

हे मला सुचले नव्हते. याहू ग्रुप्सने २०१९ च्या डिसेंबरात जुना साठा काढून टाकायला घेतला आणि १५ डिसेंबर २०२० ला दुकानच बंद केले. तिथे मराठी माणसांचेही गट होते. त्यांची भांडणे, पाककृती, पत्ते, शोकसंदेश, सारे गेले. आमच्या लिस्टवर नुसत्या एका शब्दावर, ‘संचिका’ म्हणायचे की ‘फाइल’च ठेवायचे यावर, तीन आठवडे रण माजले होते. (मी ‘फाइल’च्या बाजूचा, पण ते असो.) ती पत्रे गेली तर पुढच्या पिढीला तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून भांडावे लागेल.

लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांनी मला जास्त शहाणपणा दाखवलेला दिसतो. २०२३ च्या अखेरीस त्यांनी लिस्टमागची यंत्रणा बदलायला घेतली, मेजरडोमो जाऊन तिथे दुसरी आज्ञावली आली. पण पत्ते तेच राहिले आणि जुनी पत्रे जागच्या जागी वाचता येतात. पाराचे दगड बदलले, पिंपळ तोच.

मी मत दिले ते असे: पत्ता बदलू नये, आतले यंत्र बदलावे, आणि चर्चापीठ हवेच असेल तर टपालाने आलेले उत्तर त्याने मुकाट्याने घ्यावे. डिस्कोर्सला तसे करता येते. तरुण मंडळी थोडी हिरमुसली, पण ठराव एक महिना पुढे गेला, आणि गप्प सभासदांना एकेकाला पत्र घालून विचारण्याचे काम माझ्याच गळ्यात पडले. रोज रात्री दहा पत्रे लिहितो. बहुतेकांची उत्तरे येत नाहीत. काल एक आले, दोनच ओळींचे: “मी काही लिहीत नाही, पण रोज वाचतो. नव्या ठिकाणी रोज जाऊन बघावे लागेल का?”

त्यांना काय कळवावे, ते अजून ठरलेले नाही.