पहिला घोडा असावा गुरुजींसारखा

मुलांनो, आषाढी वारीतलं रिंगण तुम्ही पाहिलं आहे का? आपल्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या सदाशिवनगरला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याचं गोल रिंगण होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व त्यासाठी आलेले असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसरा मोकळा. तो माउलींचा अश्व! भोवती हजारो माणसं, टाळ-मृदंगाचा गजर, फडफडणाऱ्या पताका; आणि मधून हे दोघे चौखूर धावतात. अंगावर काटाच येतो! मग घरी परतताना कितीतरी मुलं हट्ट धरतात, ‘मला घोडा हवा!’

हट्ट काही वाईट नाही. पण घोडा म्हणजे सायकल नव्हे, बरं का! सायकलला भीती वाटत नाही, भूक लागत नाही आणि तिला स्वतःचं मन नसतं. म्हणून पहिला घोडा कसा निवडायचा, ते आज पाहू या. ही गोष्ट आईबाबांनीही वाचावी.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला घोडेस्वारी शिकायची होती. वडील शेतकरी. दोन वर्षं पैसे साठवून त्यांनी अकलूजच्या घोडेबाजाराला जायचं ठरवलं. हा बाजार दिवाळीच्या सुमारास भरतो. माझे आजोबा सोलापुरात टांगा हाकायचे, त्यांच्यामुळे घोड्यांतलं मला थोडंफार कळतं, हे त्यांना ठाऊक होतं. मला म्हणाले, “गुरुजी, तुम्ही संगं चला. पांढरंशुभ्र शिंगरू घ्यावं म्हणतोय. पोरगी आन् शिंगरू बरोबरच वाढतील की!”

कल्पना किती गोड, नाही? पण नव्या स्वारासाठी हीच सगळ्यांत धोक्याची. पहिलीच्या वर्गात चाळीस मुलं बसली आहेत आणि गुरुजी आलेच नाहीत, तर काय होईल? शिंगराला काही येत नाही आणि मुलीलाही येत नाही. मग कोणी कोणाला शिकवायचं? दोघांपैकी एक तरी जाणता हवा. मूल तर नवीनच आहे, तेव्हा जाणता असायला हवा तो घोडा.

म्हणून पहिला घोडा प्रौढ असावा. साधारण दहा ते पंधरा वर्षांचा उत्तम. प्रकृती धडधाकट असेल तर आणखी थोडा मोठाही चालेल. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो, त्यामुळे बारा वर्षांचा घोडा म्हातारा नसतो. तो अनुभवी असतो. वय ओळखायचं दातांवरून. घोड्याला वर सहा आणि खाली सहा असे पुढचे दात असतात. दुधाचे दात साधारण अडीचाव्या वर्षापासून पडू लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत सगळे पक्के दात येतात. पुढे चावून चावून दात झिजतात, त्यांवरचे खळगे बुजतात. जाणकार माणूस तोंड उघडून अंदाजे वय सांगतो. तुम्ही मात्र घोड्याच्या तोंडात बोटं घालायची नाहीत हं!

आता रंगाविषयी. बाजारात पांढऱ्या नुकऱ्याभोवती गर्दी असते. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणी घोड्याचं कौतुक होतं. कोणी अंगावरचे केसांचे भोवरे मोजून शुभ-अशुभ ठरवतं. किंमतही त्यावर वरखाली होते. पण भोवरा पाहून घोडा चावतो की लाथा मारतो, हे कळत नाही. आजोबा म्हणायचे, “रंगावर बसायचं नसतं बाळ, पाठीवर बसायचं असतं.”

मग पाहायचं काय? स्वभाव! त्यासाठी घोड्याचं मन समजून घ्यायला हवं. घोडा मोठा दिसतो, पण मुळात तो गवत खाणारा प्राणी आहे. रानात वाघ-लांडग्यांपासून वाचायचा त्याचा उपाय एकच, पळून जाणं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून त्याला आजूबाजूचं पुष्कळ दिसतं. पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. तिकडून कोणी अचानक आलं तर तो दचकून लाथ झाडतो. सिकंदराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ब्युसेफेलस नावाचा घोडा कोणालाच आवरेना. तो आपल्याच सावलीला भितो आहे, हे छोट्या सिकंदराने ओळखलं आणि त्याचं तोंड सूर्याकडे वळवलं. गोष्ट छान आहे, पण पहिला घोडा ब्युसेफेलससारखा नको! प्लॅस्टिकची पिशवी उडाली, मोटारसायकल गेली, कुत्रं भुंकलं, तरी जो एकदा कान टवकारून पाहतो आणि पुन्हा शांत होतो, तो आपला.

आपल्या मुलखात असे घोडे जुन्या काळापासून आहेत. भीमा नदीच्या काठचं, म्हणजे थडीचं, ते भीमथडी तट्टू. मराठ्यांच्या फौजांत ते नावाजलेलं होतं. फार उंच नाही, पण काटक. धनगर बांधव मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, तेव्हा त्यांचं बिऱ्हाड याच घोड्यांच्या पाठीवर असतं. भांडीकुंडी, कोकरं, कधी वर एखादं लहान मूलसुद्धा! 2023-24 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. लहान मुलाला बुटका घोडा सोयीचा. पाय रिकिबीत नीट पोहोचतात आणि पडलं तर फार उंचावरून पडत नाही. साधा हिशेब असा, की स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावं. अडीचशे किलोच्या घोड्यावर पन्नास किलोपर्यंत.

अकलूजला आम्ही आधी ते पांढरं शिंगरू पाहिलं. देखणं होतं, पण माणूस जवळ गेला की मागचे पाय नाचवायचं. थोडं पुढे एक तांबूस घोडी बांधलेली होती. दातांवरून बारा वर्षांची. अंगावर एकही मिरवायची खूण नाही. मालकाचा छोटा मुलगा तिला खरारा करत होता आणि ती कान सैल सोडून उभी होती. कान मागे चिकटले की घोडा रागावला, पुढे टवकारले की त्याचं लक्ष वेधलं गेलं, आणि सैल पडले की तो निवांत आहे असं समजावं.

मग परीक्षा सुरू झाली. मालकाला आमच्यासमोर लगाम आणि खोगीर घालायला सांगितलं. आधी तो स्वतः बसला, मग एक जाणता माणूस. कठीण जमिनीवर दुडक्या चालीने पळवून पाहिली. लंगडणारा घोडा पावलागणिक मान हलवतो. चारही पाय आणि खूर उचलू देते का, थांब म्हटलं की थांबते का, इतर घोड्यांपासून एकटी दूर जाते का, हे पाहिलं. सगळं झाल्यावरच मुलगी बसली, डोक्याला हेल्मेट घालून. दुसऱ्या दिवशी न कळवता पुन्हा गेलो, कारण थकलेला किंवा औषध दिलेला घोडाही एक दिवस गरीब वाटतो. पशुवैद्यांनाही दाखवली.

वडिलांचं मन तरी तयार होईना. “गुरुजी, एवढे पैशे घालून म्हातारी घोडी आणली म्हणून गाव हसंल की!” मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, “हसू द्या आबा. ती मला पाडणार न्हाई.” घोडी घरी आली.

पालकांनो, खरेदी हा लहान खर्च. खरा खर्च रोजचा. वैरण, दिवसाला पंचवीस-तीस लिटर किंवा त्याहून जास्त पाणी, दर सहा-आठ आठवड्यांनी खूर साफ करून नाल, औषधं, लसी आणि दररोजचा फेरफटका. हे झेपणार नसेल, तर घोडा घेऊच नका. मुलाला जाणत्या शिक्षकाकडे, शिकवणाऱ्या घोड्यावर सहा महिने बसू द्या. तेवढ्यात हौस टिकते की विरते, हेही कळेल.

आणि मुलांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. अनुभवी घोडा घेतला, म्हणजे एक दिवस तो खरोखर म्हातारा होणार. तेव्हा त्याच्या पाठीवर बसता येणार नाही. त्या दिवशी त्याला विकून टाकायचं नाही. ज्याने आपल्याला तोल सांभाळायला शिकवलं, त्याचा दाणापाणी आणि खरारा शेवटपर्यंत करायचा. एवढं कबूल असेल, तरच आईबाबांकडे हट्ट धरा.

तोवर एक अभ्यास देतो. कुठेही घोडा दिसला, की मालकाला विचारून खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असे हळूच जवळ जा. रंग मागाहून पाहा. आधी त्याचे कान पाहा!