मुलाने सांगितल्यानंतरचे दिवस

मी हे चिकलठाण्यातून लिहिते आहे, आणि या विषयात लागणारी जवळपास प्रत्येक यंत्रणा इथे हाकेच्या अंतरावर आहे. जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे सगळ्यांची ‘मिनी घाटी’, इथेच आहे. पोलीस ठाणं आहे, शाळा-अंगणवाड्या आहेत, गल्लोगल्ली शिकवण्या आहेत. तरीही लैंगिक अत्याचार सोसलेलं मूल यातल्या एकाही दारापर्यंत बहुधा पोहोचत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रासह 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलल्यावर निम्म्याहून अधिक, 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. आणि बहुतेकांनी तोवर ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. माझं सगळं म्हणणं या शेवटच्या गोष्टीभोवती आहे. मूल पहिल्यांदा तोंड उघडतं तेव्हा समोरचं माणूस काय करतं आणि पुढच्या काही दिवसांत मुलाच्या वाट्याला काय येतं, यावर त्याचं सावरणं फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतं. आपला पैसा आणि संताप मात्र दुसरीकडेच खर्च होतो.

बदलापूरचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वेरुळांवर उतरले आणि सरकारने शाळाशाळांत सीसीटीव्ही लावण्याचे आदेश काढले. कॅमेरे असू द्यावेत, माझी हरकत नाही. पण त्या प्रकरणातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. लेकरांनी घरी सांगितलं, घरच्यांनी विश्वास ठेवला, आणि तक्रार नोंदवून घ्यायला त्यांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. पुढे पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबन झालं. शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी-सावित्री समित्या नेमायचा शासन निर्णय मार्च 2022 मध्येच झाला होता, म्हणजे कागद तयार होता. शिवाय कॅमेरा पाहतो शाळेचा व्हरांडा, आणि पोलिसांच्या नोंदींनुसार पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. काका, शेजारी, घरमालक, शिकवणीचे सर. त्यांच्या खोलीत कॅमेरा नसतो.

यावर नेहमी येणारं उत्तर म्हणजे शिक्षा कडक करा, फाशी द्या. पॉक्सो कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांना फाशीची तरतूद झालीच आहे. हा संताप मला समजतो. लेकराच्या बाजूने उठलेला संताप खोटा नसतो. पण ज्याच्या पगारावर चूल पेटते, किंवा जो आईचाच भाऊ आहे, त्याला फास लागेल या भीतीने घर आणखी घट्ट तोंड मिटतं. गुन्हेगाराला आवर घालते ती पकडलं जाण्याची खात्री, आणि पकडलं जाणं सुरू होतं मुलाच्या बोलण्यापासून. ‘हे एमआयडीसीच्या वस्त्यांत होतं, आया कामावर जातात म्हणून होतं’ असंही ऐकू येतं. इथल्या मुकुंदवाडी, ब्रिजवाडी, नारेगावात आई पाळीवर गेल्यावर मूल शेजारी ठेवावं लागतं हे खरं. त्यावर उपाय पाळणाघर आहे, आईला दोष देणं नव्हे. बंगल्यातही काका-मामा असतातच.

दुसरा आक्षेप असा, की लहान मुलांशी हे बोललं तर त्यांचं निरागसपण जातं. मला हे अजिबात पटत नाही. शरीराच्या अवयवांना नावं असणं, नको वाटलं तर मोठ्यांनाही ‘नाही’ म्हणता येणं, आणि ‘हे आपलं गुपित’ म्हणणाऱ्याबद्दल घरी सांगता येणं, यात निरागसपणाला धक्का लावणारं काय आहे? मूल बहुधा सरळ सांगत नाही. ‘मला त्या सरांकडे नाही जायचं’ एवढंच म्हणतं. पोट दुखतं म्हणतं, सुटलेली सवय परत येऊन रात्री अंथरूण ओलं करतं. आपण ‘नाटकं करू नकोस’ म्हणालो की ते आपली परीक्षा घेऊन मोकळं होतं आणि पुन्हा वर्षानुवर्षं बोलत नाही. त्या वेळी ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढं पुरतं. उलटतपासणी नको. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस’ हे तर मुळीच नको.

त्यानंतरचं काम यंत्रणेचं, आणि कायदा इथे लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ मायाळू आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, होता होईल तो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आईवडील किंवा विश्वासातलं माणूस शेजारी असताना. 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. 2020 च्या नियमांत सहाय्यक व्यक्तीचीही सोय आहे. पोलीस, दवाखाना, कोर्ट या सगळ्या फेऱ्यांत कुटुंबासोबत राहणारं हे एकच ओळखीचं माणूस. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या नेमणुकीवर भर दिला. मला ही तरतूद सगळ्यांत मोलाची वाटते, कारण मुलाला तेच तेच पाच अनोळखी लोकांसमोर सांगायला लावणं हा त्याच्यावरचा दुसरा घाव असतो.

‘खोट्या तक्रारी वाढतील’ म्हणणाऱ्यांसाठी: जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला याच कायद्यात शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही, आणि ते योग्यच आहे. गुन्हा सक्तीने कळवण्याच्या कलमाबद्दलचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पोलिसांत जावंच लागेल या धास्तीने काही घरं डॉक्टरकडेही जात नाहीत. कलम काढलं तर शाळा आणि संस्था प्रकरणं दाबतील, म्हणून ते हवं. पण मग कळवल्यानंतरची वाट सोपी करणं हे सरकारचं देणं आहे. उपचार फुकट आहेत हे मिनी घाटीच्या दारातच ठळक लिहिलेलं हवं. नुकसानभरपाईची अंतरिम रक्कम मिळायला निकालाची वाट पाहावी लागत नाही, हे कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, कारण कोर्टाच्या तारखेला हजर राहिलं की आईची कामावरची हजेरी बुडते. समुपदेशन दोन भेटींत गुंडाळून चालत नाही. निकाल लागल्यावरही, शाळा बदलल्यावरही, वयात येतानाही ते लागू शकतं. आणि ते मुलग्यांसाठीही हवं, ज्यांना ‘पोरगा असून रडतोस काय’ यापलीकडे आजही फारसं काही ऐकायला मिळत नाही.