पंचकोनातला एफ

भिंगाखाली आधी नुसता ओरखडा वाटला. फडक्याने तेलाचा काळपट थर पुसला, टेबललॅम्प जरा तिरका केला, आणि तिथे चक्क एक इवलासा पंचकोन उभा राहिला, आत रोमन लिपीतला एफ! मी जागच्या जागी ओरडलोच. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, काहीतरी उडालं. तिला पंचकोन दाखवला. "बरं मग?" म्हणाली. बरं मग काय! वीस वर्षांचा घोळ एका खुणेत सुटत होता!

तर, पिस्तूल हवेचं. नेमबाजीच्या सरावाचं, ४.५ मिलिमीटरचं, फाइनवेर्कबाऊ मॉडेल ६५. ठाण्यातल्या एका निवृत्त नेमबाजाकडून घेतलं. वय विचारलं तर गृहस्थ म्हणाले, "सत्तरचं असेल, ऐंशीचं असेल, मीसुद्धा सेकंडहँडच घेतलं होतं." हे मॉडेल १९६५ साली निघालं आणि पुढे नव्वदच्या दशकातही बनत राहिलं. म्हणजे नावावरून काही कळायचं नाही. डोंबिवलीला परतताना लोकलमध्ये मांडीवरच्या खोक्याकडे बघत मी तेवढाच विचार करत होतो.

आणि आता हा एफ! जर्मनीत साडेसात ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या हवेच्या बंदुकांवर ही खूण मारतात, म्हणजे त्या प्रौढांना परवान्याशिवाय घेता येतात. १ जानेवारी १९७० च्या आधी बाजारात आलेल्यांना ती लागत नाही. म्हणजे माझं पिस्तूल सत्तरनंतरचं. (आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांत मर्यादा २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर अशी आहे, त्यामुळे हा एफ डोंबिवलीतही झोप शांत लागू देतो.)

दुसरी बाजू भिंगाखाली घेतली. 'मेड इन वेस्ट जर्मनी.' वेस्ट! ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाले आणि हा शब्द जगाच्या नकाशावरून गेला. लोखंडावर मात्र राहिला. झालं, दोन्ही टोकं हाती आली! एका बाजूला बॉनच्या सरकारचा कायदा, दुसऱ्या बाजूला बर्लिनची पडलेली भिंत, आणि मध्ये माझं पिस्तूल. युरोपचा इतिहास मी शाळेत पाठ केला होता. तो असा बोटाच्या पेराखाली खरखरीत लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

मग मी खुणा सोडून यंत्राकडे वळलो, आणि खरी मजा तिथे आहे. डावीकडचा लांब दांडा मागे ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे झेपावतो. कुठल्याही साध्या स्प्रिंगच्या पिस्तुलाला याच क्षणी हिसका बसतो आणि नेम हलतो. इथे काय होतं? नळीसकट वरचा सगळा भाग मुठीवरच्या रुळांवरून अलगद मागे सरकतो, हिसका तिथेच जिरतो आणि मूठ हातात जागची हलत नाही! ओबर्नडॉर्फ हे नेकार नदीकाठचं, माउझर या बंदूक कंपनीचं गाव. युद्धानंतर माउझरचे दोन अभियंते, वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गर, यांनी तिथेच फाइनवेर्कबाऊ ही कंपनी काढली. त्यांची ही करामत.

त्याहून भारी गोष्ट म्हणजे ट्रिगरचा खटका. एका बाजूला केला तर ट्रिगरला ५०० ग्रॅम वजन लागतं, दुसऱ्या बाजूला केला तर १३६०. पाचशे कळलं; दहा मीटर एअर पिस्तुलाला आजही किमान तेवढंच लागतं. पण १३६० कशाला? कारण त्या काळी सेंटरफायर पिस्तुलाच्या स्पर्धेत तेवढ्या वजनाचा नियम होता, आणि नेमबाजाने घरी बसून त्याचाही सराव करावा म्हणून ही सोय. हिसका जिरवणारी यंत्रणासुद्धा त्याचसाठी बंद करता येते. आज सेंटरफायरला १००० ग्रॅम पुरतात. नियम बदलला, खटका राहिला!

एअर पिस्तूल जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आलं १९७० मध्ये आणि ऑलिंपिकमध्ये १९८८ ला, सोलला. म्हणजे माझं पिस्तूल बनलं तेव्हा त्याच्यासाठी ऑलिंपिक पदक नावाची गोष्ट बहुतेक अस्तित्वातच नव्हती. जाता जाता: 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या जाहिरातीत शॉन कॉनरीच्या हातात आहे ना, तेही हवेचंच पिस्तूल, वॉल्थर एलपी ५३. फोटोच्या वेळी बाँडचं नेहमीचं पिस्तूल कुणी आणलंच नव्हतं, म्हणून फोटोग्राफरने स्वतःचं दिलं. तेव्हापासून तो फोटो मला वेगळाच दिसतो.

सगळेच भाग खरं सांगत नाहीत, हेही ध्यानात आलं. लाकडी मूठ नंतर बदललेली, स्क्रूच्या खाचा घासलेल्या. आजच्या मुलांच्या पिस्तुलांचं निराळंच. त्यांत २०० बारपर्यंत दाबलेल्या हवेची नळकांडी असतात आणि त्यांवर महिना-वर्ष ठसठशीत छापलेलं. पण नळकांडं दहा वर्षांनी बदलतात, त्यामुळे ती तारीख पिस्तुलाची नाहीच. घेणाऱ्याने ती बघावी मात्र जरूर, कारण मुदत संपलेलं नळकांडं स्पर्धेत चालत नाही.

उरला अनुक्रमांक. कंपनी अजून ओबर्नडॉर्फमध्येच आहे, म्हणून अनुक्रमांकाचा फोटो काढून ईमेल धाडून दिलाय. तोवर आतलं जुनं प्लॅस्टिकचं सील बाहेर काढलंय. नखाने दाबलं तर चिक्कीसारखा भुगा होतोय. उद्या सकाळी एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांकडे. ते आधी पिस्तूल हातात घेणार, रूळ मागेपुढे सरकवून बघणार, आणि मग सीलचं माप घ्यायला दुपार होणार, हे नक्की!