पालटणारे आणि न पालटणारे

मनुष्याचा स्वभाव पालटतो किंवा नाहीं, हा प्रश्न शिक्षकास नित्याचा. यंदा एका चित्रपटानें तो आमच्यापुढें नव्यानें उभा केला.

शाळेच्या सभागृहांत मुलांस प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' दाखविण्यांत आला. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शिलेला हा बोलपट सन १९३६ चा. पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. आमच्या चंद्रपूरच्या बहुतेक मुलांनीं इंद्रायणी पाहिलेली नाहीं. त्यांची नदी इरई. तरी गाथा पाण्यांत गेली तेव्हां सभागृहांत कोणी हालेना.

विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा आरंभापासून अखेरपर्यंत एकच. त्यांच्या सहवासांत इतर माणसांची पारख होते. गाथा बुडविण्याची आज्ञा करणारे रामेश्वरशास्त्री पुढें त्यांसच शरण येतात. दिमिष्काच्या वाटेवर शौलाचा पौल झाला, त्याचें आम्हांस स्मरण झालें. जिजाईची गोष्ट निराळी. मूल आजारी पडतां ती वहाण घेऊन देवळांत शिरते, आणि शेवटीं वैकुंठाचें बोलावणें आलें तरी लेंकरांस सोडून जात नाहीं. हा हट्ट नव्हे, तेंही एक व्रतच. दुसऱ्याचे अभंग आपले म्हणून मिरविणारा सालोमालो मात्र होता तसाच राहतो.

आतां एक कबुली. पुढच्याच आठवड्यांत एका विद्यार्थ्यानें मित्राचा निबंध उतरून आपल्या नांवानें दिल्याचें आढळलें. आम्हीं भर वर्गांत त्यास 'सालोमालो' म्हटलें. वर्ग हंसला. मुलगा दोन दिवस शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आला, तो मान खालीं घालून म्हणाला, "सर, तुकोबांनीं कोणाला असें चारचौघांत हिणविलें होतें का?"

आम्ही निरुत्तर झालों. कथेला न पालटणारा मनुष्य लागतो. त्यावांचून इतरांचा पालट डोळ्यांत भरत नाहीं. परंतु ती भूमिका एखाद्या लेंकरास देण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? पडद्यावरील गोष्ट दोन-सवादोन तासांत संपते. घरांत आणि शाळेंत ती चालूंच असते. सन १८९५ मध्यें नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हां लक्ष्मीबाईंस तें मुळींच मान्य नव्हतें. सन १९०० मध्यें त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधलीं पांच वर्षें कोणी त्यांच्यावर कायमचा शिक्का मारला असता, तर तो खोटा ठरला असता.

ज्या वर्गांत अपमान केला, त्याच वर्गांत आम्हीं क्षमा मागितली. पालकहो, मुलाच्या चुकीस नांव अवश्य द्या. मुलास तें नांव देऊं नका.

त्या विद्यार्थ्यानें पुढें इरईच्या पुरावर निबंध लिहिला. त्यांत शुद्धलेखनाच्या बारा चुका होत्या, पण एकही ओळ परकी नव्हती.