नमाजाची वेळ सांगायला घराचा पत्ता कशाला?

रमजान जवळ आला की घरातले एकेक जण मोबाईल माझ्यापुढे करतात. "अजानचं ॲप टाकून दे." सहरी, इफ्तार, पाच नमाजांच्या वेळा, किब्ल्याची दिशा, सगळं एकाच ठिकाणी आणि तेही फुकट. सोय मोठी आहे. पण ॲप उघडताच लोकेशनची परवानगी मागितली जाते आणि बहुतेक जण न वाचता 'अलाऊ' दाबतात.

नोव्हेंबर 2020 मध्ये 'मदरबोर्ड' या संकेतस्थळाने एक बातमी दिली. साडेनऊ कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालेल्या 'मुस्लिम प्रो' या ॲपमधून लोकांचा ठावठिकाणा 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होता. ही कंपनी असा डेटा कंत्राटदारांना विकत होती आणि त्यांच्यामार्फत तो अमेरिकन लष्करापर्यंत पोहोचत होता. बातमीनंतर 'मुस्लिम प्रो'ने एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढे जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला संवेदनशील ठिकाणांचा डेटा विकण्यास मनाई केली. त्या ठिकाणांत प्रार्थनास्थळेही आहेत.

आता साधा हिशेब करू. नमाजाच्या वेळा सूर्यावरून ठरतात. एका रेखांशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. पुण्यात जोहर मुंबईपेक्षा साधारण चार मिनिटे आधी होते, तर नागपुरात सुमारे पंचवीस मिनिटे आधी. एकाच शहराच्या दोन टोकांमध्ये हा फरक जेमतेम मिनिटाचा असतो. किब्ल्याची दिशाही गल्ली बदलली म्हणून बदलत नाही. म्हणजे ॲपला शहराचे नाव पुरेसे आहे. आपण कोणत्या इमारतीत राहतो, फजरला कोणत्या मशिदीत जातो, तिथून कुठल्या दवाखान्यात गेलो, हे त्याला कळण्याची काहीच गरज नाही.

"आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असे अनेक जण म्हणतात. लपवण्यासारखे नसेलही. पण कोण कोणत्या मशिदीत किती वेळा जातो याची यादी अनोळखी माणसाने मागितली, तर आपण देऊ का? फोनमधून तीच यादी गुपचूप जाते, म्हणून आपल्याला काही वाटत नाही. आजच्या वातावरणात मुसलमानाने तरी इतके बेफिकीर राहू नये. अमानतीचे महत्त्व आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. धर्माच्या नावाने ॲप चालवणाऱ्यांनाही तीच कसोटी लावली पाहिजे.

ॲप काढून टाका, असे मी म्हणत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची लोकेशन परवानगी बंद करा आणि शहराचे नाव हाताने निवडा. बहुतेक ॲपमध्ये ही सोय असते. नसेल तर परवानगी फक्त ॲप वापरतानाच द्या आणि नेमके ठिकाण दाखवणारे बटण बंद ठेवा. अँड्रॉइडवर जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांकही प्रायव्हसीच्या सेटिंगमधून पुसता येतो. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे तरुण मुलांनी करून द्यावे. मशीद कमिट्यांनीही जुम्याच्या दिवशी दोन शब्द सांगावेत. मशिदीच्या भिंतीवरचा वेळांचा तक्ता अजून आहेच. तो कुणालाही तुमचा पत्ता विचारत नाही.