240 तास

‘अनुभव’ हा शब्द टाइप केला, ठळक केला आणि त्याखाली काय लिहायचं ते न सुचून मी बराच वेळ कर्सरची उघडझाप बघत बसले.

2022 सालचा जून. कोथरूडमध्ये कॉट बेसिसवरची खोली, तीन पोरी, एक टेबलफॅन. बी.कॉम. झालं होतं, त्यातलं शेवटचं वर्ष कोविडमुळे मोबाइलवरच. गाव सोडून नोकरी शोधायला आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. इंटर्नशिप हा प्रकार मला पुण्यात येऊन कळला. तोवर तो करायची वेळ निघून गेली होती.

शेजारच्या कॉटवरची ताई एका कंपनीत एचआरला होती. तिनं माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, “कॉलेजात एनएसएस केलंस का?”

“दोन वर्षं.”

“मग रिकामं काय ठेवलंयस? सर्टिफिकेट असेल ना? टाक की. फ्रेशरकडे बघायला आम्हाला तरी दुसरं काय असतं!”

सर्टिफिकेट होतं. प्लास्टिकच्या फाइलमध्ये, दहावीच्या मार्कशीटच्या मागे. मी दोन वर्षांत 240 तास समाजसेवा केली, असं त्यावर सही-शिक्क्यासह लिहिलं होतं. अडचण एवढीच होती, की मी ती केली नव्हती.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा 37 विद्यापीठांतली 40 हजार मुलं त्यात होती. नियम साधा आहे: वर्षाला 120 तास काम, दोन वर्षांत 240, आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. आमच्या कॉलेजात मात्र बहुतेकांना त्यातून मिळणाऱ्या जादा गुणांची ओढ होती. मलाही होती. फॉर्म भरायच्या आदल्या आठवड्यात आम्ही चाळीस जण एका वर्गात बसलो आणि फळ्यावरून कामाची डायरी उतरवून घेतली. वृक्षारोपण, 6 तास. परिसर स्वच्छता, 4 तास. जनजागृती फेरी, 3 तास. हात दुखेपर्यंत लिहिलं. त्या दिवशी खरं श्रमदान झालं ते तेवढंच.

सगळंच खोटं होतं असं नाही. शिबिर खरं होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, ओढ्यावर रचून आम्ही वनराई बंधारा घातला होता. गोणी किती भरायची आणि तोंड कसं शिवायचं हे गावातल्या बायकांनी शिकवलं, कारण आमच्या गोण्या उचलताच फुटत होत्या. पण शिबिर सोडून बाकीच्या तासांची बेरीज केली, तर आकडा नव्वदच्या पुढे जाईना.

डायरीतली एक नोंद मला तोंडपाठ आहे. ऑगस्ट 2019 मधली. ‘परिसर स्वच्छता, 4 तास.’ त्या दिवशी कॉलेजला कुलूप होतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. मी त्या दिवशी तालुक्याच्या शाळेत होते, पुरातून आलेल्या माणसांबरोबर.

तिथं मला कुणी पाठवलं नव्हतं. आमचं गाव उंचावर, शाळा तीन किलोमीटरवर. आईनं भाकऱ्या बांधून दिल्या, त्या पोचवायला गेले आणि नऊ दिवस जातच राहिले. शाळेतल्या बाईंनी माझ्या हातात शंभर पानी वही दिली आणि म्हणाल्या, “तुझं अक्षर बरं आहे, नावं लिही.”

61 कुटुंबं होती. बाहेरून ट्रक भरून कपडे येत होते, आणि त्यातले निम्मे पायपुसण्याच्या लायकीचे. बायकांना हवे होते परकर, आतले कपडे, पॅड. एक आजी ओल्या गोळ्यांची पट्टी मुठीत धरून बसल्या होत्या. बीपीची गोळी, नाव पुसून गेलेलं. डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली. संध्याकाळी मी वहीत ‘औषध’ असा नवा रकाना आखला आणि प्रत्येकाला विचारत फिरले.

हे सगळं ताईला सांगितलं, तर ती उठूनच बसली. “अगं, मग हे लिही ना!”

“याचं सर्टिफिकेट नाही.”

“नसू दे.”

खरी अडचण सर्टिफिकेटची नव्हतीच. ज्यांची घरं गेली, त्यांचा पूर मी माझ्या नोकरीसाठी वापरायचा? त्या आजींचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि कसंतरीच झालं. तेही सांगितलं. ताई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “त्यांचं दुःख लिहू नकोस. तुझं काम लिही. किती दिवस, किती माणसं, तू नेमकं काय करत होतीस. विशेषणं नकोत.”

रात्री मी दोन ओळी लिहिल्या. ‘पूरग्रस्त निवारा केंद्र, ऑगस्ट 2019, नऊ दिवस. 61 कुटुंबांची नोंदवही ठेवणे; औषधे, दूध पावडर व कपड्यांचे वाटप.’ त्याखाली एनएसएस, पण फक्त शिबिर आणि बंधारा. 240 चा आकडा काढून टाकला. कागद आधीपेक्षा रिकामा दिसायला लागला, पण प्रत्येक ओळीवर कुणी काहीही विचारलं असतं तरी मला सांगता आलं असतं.

खात्रीसाठी कुणाचा तरी नंबर लागेल म्हणून शाळेतल्या बाईंना फोन केला. “दे की गं,” त्या म्हणाल्या, “आणि ती वही अजून माझ्या कपाटात आहे.” दहा मिनिटांत व्हॉट्सअॅपवर फोटो आला. माझं अक्षर. कडेला पाण्याचे डाग.

पहिल्या मुलाखतीत समोरच्या सरांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. “नऊ दिवसांत चुकलं काय?”

हा प्रश्न अपेक्षित नव्हता, पण उत्तर होतं. पहिले दोन दिवस मी कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषांची नावं लिहिली. सामान घ्यायला यायच्या बायका. एका घरी दूध पावडर दोनदा गेली आणि एक बाळंतीण तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी सगळी वही पुन्हा लिहून काढली, बायकांच्या नावानं. मग गोंधळ थांबला. हे सांगताना माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. फळ्यावरून उतरवलेल्या तासांबद्दल विचारलं असतं, तर घसा कोरडा पडला असता.

ती नोकरी मिळाली नाही. त्यांना टॅली येणारं कुणी हवं होतं. पुढची मिळाली, एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात. कुठला ट्रक कुठे, कुणाचा माल कुणाला, याच्या नोंदी ठेवते.

आता कधीकधी नव्या मुलांचे रिझ्युमे माझ्या टेबलावरही येतात. गेल्या महिन्यात एका मुलाच्या कागदावर ते होतंच: 240 तास समाजसेवा. तो साताऱ्याकडचा, शर्टाला नव्या इस्त्रीची घडी, पाय सारखा हलत होता. मी तासांबद्दल विचारलं नाही.

“त्यातला एक दिवस सांग,” म्हटलं, “कुठलाही.”

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, रक्तदान शिबिरात मी फक्त बिस्किटं वाटत होतो.”

“बरं. मग?”

“एक काका चक्कर येऊन पडले, तेव्हा…” आणि त्याचा पाय हलायचा थांबला. मी पेन खाली ठेवलं आणि ऐकायला लागले.